गुरुवारचं मैदान

त्या रविवारी सकाळी बरोबर आठ वाजता विजयश्रीने टाकीमागच्या मैदानाच्या कडेला लाल प्लास्टिकची खुर्ची टाकली, डोक्यावर आईची फुलाफुलांची छत्री धरली, मांडीवर पॅड घेतलं आणि माणसं मोजायला सुरुवात केली. म्हणजे मोजायची तयारी केली. माणसं यायची होती अजून.

काळेवाडीतल्या पाण्याच्या उंच टाकीमागे हे मैदान कित्येक वर्षं नुसतं पडून होतं. आता तिथे काहीतरी करायचं महापालिकेच्या ऑफिसात ठरत होतं आणि त्याआधी मैदान कोण वापरतं, किती वापरतं, हे एक दिवस बसून मोजून द्या, असं पत्र शाळेला आलं होतं. बोराटेबाईंनी नववी ‘ब’च्या वर्गात पत्र वाचून दाखवलं. त्यांचं वाचून व्हायच्या आत विजयश्रीचा हात वर गेला होता.

हे एक नवलच होतं. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशातच बसायचा. मग दिवाळीआधी वक्तृत्व स्पर्धेतली एक मुलगी ऐनवेळी तापाने आजारी पडली, तिच्या जागी हिला ढकललं गेलं आणि ही जी बोलायला लागली ती वेळ संपल्याची घंटा वाजली तरी थांबेना! तेव्हापासून शाळेतलं एकही काम तिच्या तावडीतून सुटत नव्हतं.

“साडेआठ वाजले. शून्य,” शेजारी पायरीवर बसलेली मिनल म्हणाली. मिनल तिची जिवाची मैत्रीण, म्हणूनच रविवारी उठून आली होती. “विजू, आपण घरी बसून पण शून्य लिहू शकलो असतो.”

“गप गं. शास्त्रीय पद्धत असते.”

गावठाणातले कोंडीरामबाबा काठी टेकत आले आणि करंजाच्या झाडाखाली रोजच्या दगडावर बसले. बाबांचं वय त्यांना स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. त्यांनी बराच वेळ दोघींकडे पाहिलं.

“काय चाललंय गं पोरींनो?”

“माणसं मोजतोय, बाबा. मैदान कोण कोण वापरतं ते.”

“आन् आज मोजताय व्हय?”

“मग कधी? रविवार आहे ना! सुट्टीच्या दिवशीच तर सगळे येणार.”

बाबांच्या मिशा हलल्या. “बरं बरं. मोजा. मला धरलं का?”

“धरलं. तुम्ही पहिलेच.”

संध्याकाळी सहापर्यंत चौदा माणसं झाली. त्यातले पाच जण नुसते मैदान तुडवून पलीकडच्या गल्लीत गेले. पोरं क्रिकेटला नदीकडच्या ग्राउंडवर जायची, कारण इथे बॉल टाकीच्या कंपाउंडमध्ये गेला की वॉचमन परत देत नाही. शिवाय तीन कुत्री आणि एक शेळी. शेळ्या दोन आहेत असं विजयश्रीचं म्हणणं होतं, पण मिनलने शिंग ओळखलं. शेळी एकच होती, दोनदा आली होती.

मग अहवाल! विजयश्रीने तो तीन रात्री जागून लिहिला. ‘सदर मैदान नागरिकांच्या वापरात नाही’ हे वाक्य तिला इतकं आवडलं की ते तिने दोनदा लिहिलं. सोबत एक मोठा तक्ता केला: ‘आपल्या शहराची पाच मूल्ये’. हिरवाई, स्वच्छता, सौंदर्य, शिस्त आणि समावेशकता. हा शेवटचा शब्द तिने बोराटेबाईंना विचारून घेतला होता. सगळ्यांना सामावून घेणं, कुणालाही बाहेर न ठेवणं, असा त्याचा अर्थ बाईंनी सांगितला. तिला तो इतका भारी वाटला की त्याच्यावर तिने चमकी लावली.

बुधवारी महापालिकेचे इंजिनिअर शितोळे साहेब शाळेत आले, अहवाल वाचून एकदम खूश झाले आणि त्यांनी टेबलावर मोठा कागद उलगडला. उद्यानाचा आराखडा होता तो. मधोमध कारंजं, भोवती हिरवळ, कडेने परदेशी ताडाच्या रांगा, सगळ्याला उंच भिंत आणि एक कमान. ‘वेळ: सकाळी ६ ते ९, सायंकाळी ५ ते ८. वाहने व खेळ यांना सक्त मनाई.’

“मैदान रिकामंच असतं, हे आम्हाला दाखवायचं होतं. तुमच्या आकड्यांनी काम सोपं केलं,” ते म्हणाले. “शनिवारी जनसुनावणी आहे, लोकांसमोर हा अहवाल तूच वाच. तुझा सत्कार पण करू. आणि हो, त्या रिकाम्या मैदानाचा एक फोटो तेवढा लागेल.”

सत्कार! विजयश्री घरी तरंगतच आली. आईला मात्र तिने काही सांगितलं नाही. शनिवारी सन्मानचिन्ह घेऊन यायचं आणि आईच्या हातात ठेवून मगच सांगायचं, असं तिने पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दहावीच्या सराव परीक्षेला वर्ग हवे होते म्हणून शाळा अर्धीच भरली. विजयश्री घरी आली, पप्पांचा जुना मोबाईल उचलला. पप्पा, म्हणजे समाधानराव, हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते. त्यांना सुट्टी शनिवार-रविवार. आई चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत. तिला सुट्टी गुरुवारी. गुरुवारी दुपारी ती बाजारात जाते, हे विजयश्रीला माहीत होतं. घराला कुलूप होतंच.

ती टाकीला वळसा घालून मैदानाच्या कोपऱ्यावर आली, मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि तसाच खाली घेतला.

मैदान भरून वाहत होतं!

एका टोकाला व्हॉलीबॉलची जाळी लागली होती आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टी-शर्टातली माणसं एकमेकांवर ओरडत होती. “अरे भावा, हात लाव की, काय ओव्हरटाइम मागतोयस का?” करंजाखाली बायकांचा घोळका मेथी निवडत बसला होता. त्यातली एक लातूरकडची, एक कोकणातली, दोघी ठेच्याचं भांडण भांडत होत्या. किसनदादा, ज्याचा पाय प्रेस मशीनवर गेला होता, तो तीन चाकांच्या गाडीवरून व्हॉलीबॉलचा अंपायर झाला होता. बारकी पोरं तर मुंग्यांसारखी कुठूनही निघत होती. आणि मधोमध विटा लावून जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा केलेला. त्याच्या बाजूला शिट्टी घेतलेली एक धिप्पाड बाई.

“ब्रेक! अगं ब्रेक! हॉर्न नको वाजवू, विटेला ऐकू येत नाही!”

विटेला चुकवून स्कूटी वळली आणि थेट विजयश्रीच्या दिशेने निघाली. चालवणारीच्या डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, दोन्ही पाय होडीच्या वल्ह्यांसारखे बाहेर, पायांत कंपनीचे काळे बूट. ते बूट विजयश्री रोज सकाळी दाराबाहेर बघायची.

स्कूटी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. हेल्मेटची काच वर झाली.

“तू शाळेत नाहीस?” आई म्हणाली.

“तू बाजारात नाहीस?”

आईच आधी हसली, इतकी की स्कूटी कलंडायला लागली आणि दोघींना मिळून धरावी लागली.

“अगं, बावीस तारखेला लायसनची टेस्ट आहे माझी,” ती धापा टाकत सांगू लागली. “कंपनीची बस पावणेसहाला, ती पण पार चौकात. रोज अंधारात अर्धा तास चालत जाते मी. कुत्री मागं लागतात, कधी माणसं लागतात. म्हटलं, बास झालं. पप्पांना सांगू नकोस हां! ‘तू आणि स्कूटी?’ म्हणून हसतील. लायसन त्यांच्या ताटाशेजारी ठेवणार आहे मी.”

“सुमनताईंनी वीस जणींना शिकवलंय इथं,” मागे आपली पाळी यायची वाट बघणारी एक बाई म्हणाली.

“तेवीस,” शिट्टीवाल्या सुमनताई म्हणाल्या. त्या आईच्याच कंपनीत लाइन लीडर होत्या. “आणि तू गं? फोटो काढायला आलीस आईचा?”

“नाही. म्हणजे... रिकाम्या मैदानाचा.”

सगळ्या खो खो हसल्या. विजयश्रीला मात्र हसू येईना. मग तिने सांगून टाकलं. पत्र, रविवार, चौदा माणसं, आराखडा, भिंत, कमान, वाहनं आणि खेळ यांना मनाई. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला आणि भोवतालचं हसणं एकेक करत थांबलं.

“चौदा?” आईने विचारलं.

“रविवारी कुणी नव्हतंच ना आई!”

“रविवारी आम्ही कंपनीत असतो, विजू. या पट्ट्यातल्या निम्म्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. दर रविवारी माझा डबा तूच भरतेस.”

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिली.

“म्या इचारलं व्हतं हिला,” दगडावरून कोंडीरामबाबा म्हणाले. “पर ही शास्त्रीय पद्धतीत व्हती.”

“बाबा, तुम्ही सरळ सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस व्हय?”

नसतंच ऐकलं. विजयश्रीचे कान तापले.

“भिंत झाली की आम्ही शिकायचं कुठं? हायवेवर, कंटेनरच्या मधून?” सुमनताईंनी विचारलं. “आणि सकाळी सहा ते नऊ! फर्स्ट शिफ्टवाली तेव्हा मशीनवर, थर्डवाली झोपेला निघालेली. कुणासाठी उघडणार हे?”

विजयश्रीने मोबाईल खिशात टाकला आणि मोजायला सुरुवात केली. या वेळी खुर्ची नाही, छत्री नाही, उन्हात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत. एकशे सत्त्याऐंशीपर्यंत पोचली आणि मग बारक्या पोरांनी पकडापकडी सुरू केली, तेव्हा आकडा सुटला तो सुटलाच.

“मग गप्प बस ना,” शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत मिनल म्हणाली. “अहवाल गेलाय. सत्कार घे, घरी ये. त्यांना कोण सांगणार आहे?”

“मीच.”

“सगळ्यांसमोर? ‘मी चुकले’ म्हणून?”

“हो.”

“बोराटेबाई तुला कच्चं खातील.”

“मीठ लावून,” विजयश्री म्हणाली, पण तिच्या डब्यातली पोळी तशीच राहिली.

शनिवारी महापालिकेच्या ऑफिसच्या हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या होत्या. पुढच्या रांगेत मैदानाशेजारच्या सोसायटीतले निवृत्त लोक. त्यांचे अध्यक्ष दौलतराव, पांढऱ्याशुभ्र शर्टात, गुडघ्याला पट्टा. टाकीमागच्या मैदानातलं एकही माणूस नव्हतं. कसं असणार? शनिवारी दुपारी दोन वाजता कुणी शिफ्टवर होतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं. मागच्या तीन रांगा रिकाम्याच होत्या. आज इथे कुणी मोजलं असतं, तर पुन्हा तोच अहवाल झाला असता.

शितोळे साहेबांनी आराखडा भिंतीवर लावला, तिचं कौतुक केलं आणि माईक तिच्या हातात दिला. तिने तोंड उघडलं. आवाज येईना. तोच तो जुना, घशात बसलेला आवाज! बोराटेबाईंनी भुवया उंचावल्या. विजयश्रीने अहवालाचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“माझा अहवाल चुकलाय,” ती म्हणाली.

शितोळे साहेब खुर्चीतून पुढे झुकले.

“मोजलं बरोबर, पण दिवस चुकला. मी रविवारी मोजलं, आणि ज्यांचं ते मैदान आहे त्यांना सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी मी एकशे सत्त्याऐंशीपर्यंत मोजलं, पुढे जमलं नाही. तिथे बायका स्कूटी शिकतात. किसनदादा अंपायर असतात. मी तक्त्यावर समावेशकता लिहिलं, चमकी लावून, आणि सगळ्यांना बाहेर ठेवलं. माझ्या स्वतःच्या आईला पण.”

पप्पा आत्ता इथे नाहीत, आईच्या स्कूटीचं गुपित राहिलं, हे किती बरं, असं तिला बोलून झाल्यावर सुचलं.

“अगं बाळ,” दौलतराव उठले, “पण आम्ही काय करायचं? मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. रस्त्याने चाललो तर टेम्पो अंगावर येतो. म्हाताऱ्या माणसाला चार झाडांखाली चालायला जागा नको?”

“हवी ना, काका! तुम्ही पण त्या चौदा जणांत नव्हता. तुम्ही कधी येता तिथे?”

“ऊन असतं. एका करंजाशिवाय सावलीच नाही, येऊ कसा?”

“मग तुम्हालाही मोजायला हवं. जे येत नाहीत ते का येत नाहीत, हे मी विचारलंच नाही.”

शितोळे साहेबांनी चष्मा काढून पुसला. “तुझं म्हणणं कळलं. पण सर्वेक्षणाची मुदत संपली. पुन्हा सुट्टीच्या दिवशी माणूस लावायचा म्हणजे...”

“सर, पण गुरुवारी तर तुमचं ऑफिस चालू असतं! तुम्हाला सुट्टी मोडावीच लागणार नाही.”

पुढच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दौलतराव हसले. मग शितोळे साहेबांनाच राहवेना.

“माझे वडील भोसरीला कंपनीत होते,” ते हसणं आवरत म्हणाले. “शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला आले नाहीत. रविवारी असायची ना ती. मला तरी हे आठवायला हवं होतं.” त्यांनी डायरी उघडली. “येत्या गुरुवारी, तीन वाजता. मैदानातच बोलू. तू ये.”

“गुरुवारी शाळा...”

“सोडते मी,” बोराटेबाई कडक आवाजात म्हणाल्या. “पण नवा अहवाल शुद्धलेखन तपासून.”

सत्काराचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सन्मानचिन्ह टेबलावर तसंच राहिलं आणि विजयश्रीलाही ते घरी पोचल्यावर आठवलं.

गुरुवारी शितोळे साहेब मीटर टेप आणि पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन आले. आधी त्यांनी मोजायचा प्रयत्न केला आणि दोनशेच्या पुढे हात टेकले. मग म्हणाले, “बोला, काय काय हवंय?”

हे विचारायला नको होतं. एकदम पन्नास जण बोलायला लागले. शेवटी सुमनताईंनी शिट्टी वाजवली आणि रांग लावली.

कोंडीरामबाबा पहिले. “त्ये ताड नगं. त्येची सावली त्याच्या सोताच्या बुडाला पडत न्हाई. करंज लावा, लिंब लावा.”

दौलतरावांनी कडेकडेने स्वतः चालून दाखवलं. त्यांच्या मागोमाग फक्कीची रेघ पडत गेली. दोन्ही बाजूंनी झाडं, मधून चालायची वाट. किसनदादाने गाडी त्या रेघेवरून नेली आणि हाक मारली, “साहेब, इथं पायरी बांधाल तर मी बाहेरच. जमीन एकसारखी ठेवा.” लातूरच्या काकूंना नळ हवा होता. कोकणातल्या मावशींना बायकांसाठी संडास, आणि त्याला आतून कडी.

“आणि कुलूप?” शितोळे साहेबांनी विचारलं.

कुणी बोलायच्या आत विजयश्रीची आई पुढे झाली. हातात हेल्मेट, कपाळावर त्याचा वळ. “कुलूप नको, साहेब, आणि भिंत पण नको. माणूस सेकंड शिफ्टवरून येतं मध्यरात्री, त्याला कधी दोन मिनिटं बसावंसं वाटतं. दिवे लावा. दिवे असले की मी पहाटे चौकात इथूनच जाईन, लांबून वळसा नको. आणि मधली जागा मोकळी सोडा. तिथं काही शोभेचं लावू नका.”

विजयश्री आईकडे बघतच राहिली. घरात ‘काय करू आज भाजी?’ विचारणारी हीच का ती?

साहेबांनी आराखड्याच्या फाइलचं पहिलं पान उलटलं आणि विजयश्रीकडे पाहिलं. “इथं मार्गदर्शक मूल्यं लिहावी लागतात. तुझी ती पाच होती ना?”

“ती नको, सर. हे आत्ता जे बोलले तेच लिहा.”

“‘भिंत नको’ हे मूल्य कसं होईल?” दौलतरावांनी शंका काढली.

“न व्हायला काय झालं?” सुमनताई म्हणाल्या. “लिहा साहेब. खाली लिहा, दिवे पाहिजेत. सावली पाहिजे, आणि ती सगळ्यांवर पडली पाहिजे. गाडीवरच्या माणसाला आत येता आलं पाहिजे. जागा कुणाची, ते विचारायचं असेल तर गुरुवारी यायचं.”

ते खरंच लिहीत होते! जुन्या आराखड्यावर त्यांनी तिरकी रेघ मारली, ‘रद्द’ असं लिहिलं आणि म्हणाले, वरून मंजुरी यायला महिना-दोन महिने लागतील, पण भिंतीचा प्रस्ताव ते आजच मागे घेतील. सोबत इथल्या लोकांच्या सह्या असल्या तर काम पुढे जोरात सरकेल.

कागद स्कूटीच्या सीटवर ठेवला. पहिली कोण, यावर जरा ओढाताण झाली आणि बायकांनी विजयश्रीच्या आईलाच पुढे ढकललं. तिने कागदावर तळहात दाबून धरला आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. रुक्मिणी समाधान गवळी. मग पेन मागच्या बाईच्या हातात कोंबलं.

“आटपा गं पटापट,” ती हेल्मेट चढवत म्हणाली. “कागद उचला आणि सीट मोकळी करा. उजेड आहे तोवर माझे दोन राउंड व्हायचेत.”